इंग्लंडच्या शाळेत मुलाचं जेवण मोफत होतं का? नव्याने आलेल्या, काम करून घर चालवणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी

मी इंग्लंडमधल्या एका प्रायमरी शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये काम करते. दुपारी पावणेबाराला मुलं यायला लागतात आणि दीड वाजता शेवटचं टेबल पुसून होतं. हॉलच्या एका बाजूला गरम जेवणाची रांग, दुसऱ्या बाजूला डबेवाली मुलं. सप्टेंबरमध्ये नवीन आलेलं आपल्याकडचं मूल मला लांबूनच ओळखू येतं. स्टीलचा डबा, त्याचं घट्ट झाकण, ते उघडत नाही म्हणून इकडेतिकडे बघणारा चेहरा. मी जाऊन झाकण काढून देते. आत पोळीला जॅम लावून केलेला रोल, किंवा सकाळी सातला भरलेली आणि आता गार होऊन गोळा झालेली खिचडी.

घरच्या डब्याला मी नावं ठेवत नाही, माझ्या मुलीनेही दोन वर्षं डबाच नेला. पण या मुलांपैकी कित्येकांना समोरच्या रांगेतलं गरम जेवण फुकट मिळण्याचा हक्क असतो आणि घरी ते कुणाला माहीत नसतं. शाळा सुटताना फाटकाशी मी आयांना विचारते. उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे, "आम्ही दोघंही कामाला जातो, आम्हाला कुठलं मिळतंय?" आणि दुसरं, जरा आवाज खाली करून, "व्हिसाला काही झालं तर?"

दुसऱ्या प्रश्नापायी मी स्वतः अर्ज केला नव्हता. एका ऑफिसात मला "व्हिसावर असाल तर नाही मिळत" असं सांगितलं गेलं आणि मी ते खरं मानून घरी आले. ते चूक होतं हे कळायला दोन वर्षं गेली. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी डोक्यातला गोंधळ काढू

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पोषण आहार असतो. तिथे बाप काय कमावतो हे कुणी विचारत नाही. मूल त्या शाळेत आहे आणि त्या दिवशी हजर आहे, एवढ्यावर त्याच्या ताटात खिचडी पडते. आपण त्याच समजुतीने इथे येतो आणि कुणी बोलावून वाढलं नाही म्हणजे आपल्यासाठी नसेल असं धरून चालतो.

इथे तसं नाही. इंग्लंडमध्ये शाळेच्या जेवणाचा पहिला कायदा १९०६ साली झाला. उपाशी पोटी आलेल्या मुलाला शिकवून उपयोग नाही, हा विचार त्यामागे होता आणि ब्रॅडफर्डसारख्या गिरणगावातल्या लोकांनी तो लावून धरला होता. पण आजची पद्धत अशी आहे की लहान वर्गांना सरसकट मोफत आणि पुढच्या वर्गांना घरची परिस्थिती पाहून. परिस्थिती पाहायची तर ती तुम्ही सांगावी लागते. अर्ज केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी कुणी तुम्हाला शोधत येत नाही. काही कौन्सिलं (म्हणजे इथल्या स्थानिक पालिका) स्वतःजवळच्या नोंदी तपासून मुलांची नावं स्वतःहून घालतात, पण त्या भरवशावर बसू नका.

(हा लेख इंग्लंडपुरता आहे. वेल्समध्ये सगळ्याच सरकारी प्रायमरी शाळांत जेवण मोफत आहे. स्कॉटलंडमध्ये प्रायमरीच्या पहिल्या पाच वर्गांना सरसकट मोफत आहे. नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.)

पायरी १ : शाळा कोणती, वर्ग कोणता, गाव कोणतं

शाळा सरकारी पैशावर चालणारी हवी. कम्युनिटी स्कूल, अकॅडमी, फ्री स्कूल, चर्चची सरकारमान्य शाळा, या सगळ्या त्यात येतात. फी भरून शिकायच्या खासगी शाळा येत नाहीत.

मग वर्ग बघा. रिसेप्शन (चार-पाच वर्षांच्या मुलांचा शाळेतला पहिला वर्ग), इयर १ आणि इयर २ या तीन वर्गांना सप्टेंबर २०१४ पासून दुपारचं जेवण सरसकट मोफत आहे. तुमचा पगार, व्हिसा, पासपोर्ट काहीही असो. मूल या तीन वर्गांत असून डबा नेत असेल तर उद्याच ऑफिसात जाऊन "गरम जेवण सुरू करायचं आहे" म्हणा. त्यासाठी कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

लंडनमध्ये राहणाऱ्यांचं आणखी सोपं. महापौरांच्या योजनेतून सप्टेंबर २०२३ पासून इयर ३ ते इयर ६ लाही सरकारी प्रायमरीत मोफत जेवण आहे, म्हणजे तिथे सगळी प्रायमरीच झाली. साउथहॉल, वेम्बली, हॅरो, हाउन्स्लो या भागांत आपली बरीच कुटुंबं आहेत, ती यात येतात. पण स्लाव लंडनमध्ये नाही, वॉटफर्ड नाही. पत्ता लंडनजवळचा असून चालत नाही, शाळा लंडनच्या बरोमध्ये, म्हणजे लंडनच्याच एखाद्या पालिकेच्या हद्दीत, असावी लागते.

लंडनबाहेरच्या घरांना खरा फटका इयर २ संपून इयर ३ सुरू होताना बसतो. तीन वर्षं जेवण आपोआप मिळालेलं असतं. सप्टेंबर उजाडतो, मूल नेहमीसारखं रांगेत उभं राहतं, जेवतं. दोन आठवड्यांनी आईच्या फोनवर शाळेच्या ॲपचा मेसेज येतो की जेवणाच्या खात्यात इतके पौंड बाकी आहेत. दिवसाला अडीच-तीन पौंड धरा, वर्षाला शाळेचे १९० दिवस. एका मुलामागे पाचशे पौंडांच्या आसपास. दोन मुलं असली तर हजार. गोदामात रात्रपाळी करणाऱ्या घराला ही रक्कम जाणवते. तुमचं मूल आता इयर २ मध्ये असेल तर पुढच्या पायऱ्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच करून टाका.

पायरी २ : तुमचं दार कोणतं ते ओळखा

इयर ३ पासून पुढे, सेकंडरी आणि शाळेतला सिक्स्थ फॉर्म (सोळा ते अठरा वयाचे वर्ग) धरून, घरच्या परिस्थितीवर ठरतं. यासाठी दोन मुख्य दारं आहेत. तुम्ही कुठल्या दारात उभे आहात हे तुमच्या राहण्याच्या परवानगीवर अवलंबून आहे, आणि दार चुकलं तर नुकसान होतं. म्हणून इथे घाई करू नका.

तुमच्या व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" (ठरावीक सरकारी भत्ते घेता येणार नाहीत) ही अट आहे का ते आधी पाहा. पूर्वी ती बायोमेट्रिक कार्डावर छापलेली असायची. ती कार्डं २०२४ च्या अखेरीस संपली, आता सगळं ई-व्हिसावर आहे. तुमच्या यूकेव्हीआय (इथलं व्हिसा खातं) अकाउंटमध्ये लॉगिन केलं की अटी दिसतात. स्किल्ड वर्कर, हेल्थ अँड केअर, स्टुडंट आणि त्यांच्यासोबत आलेले नवरा-बायको-मुलं, या बहुतेकांवर ही अट असते. अट असेल तर पायरी ४ वर जा.

अट नसेल, म्हणजे ब्रिटिश नागरिकत्व, कायम राहण्याची परवानगी किंवा युरोपियन योजनेतलं सेटल्ड स्टेटस असेल, तर पायरी ३ तुमची. स्विंडन आणि साउथहॉलमधली पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली आपली गोव्याची मंडळी बहुतेक याच दारात येतात. प्री-सेटल्ड (त्याच युरोपियन योजनेतली तात्पुरती परवानगी) असाल तरी काम करत असल्याच्या पुराव्यावर पुष्कळदा हे दार उघडतं.

घरात एकाकडे सेटल्ड स्टेटस आणि दुसरा व्हिसावर, अशी जोडपीही खूप आहेत. त्यांनी स्वतःच्या अंदाजाने काही भरू नये. आधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या स्थानिक ऑफिसात विचारावं. तिथला सल्ला मोफत असतो.

आश्रयासाठी अर्ज केलेल्या आणि १९९९ च्या कायद्याखाली सरकारी आधार मिळणाऱ्या कुटुंबांच्या मुलांनाही जेवण मोफत आहे. तसे कुणी ओळखीत असतील तर त्यांनाही सांगा.

पायरी ३ : युनिव्हर्सल क्रेडिटचं दार

युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे बेकारी भत्ता, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. तो भत्ता काम करणाऱ्यांनाही मिळतो. पगार कमी, भाडं जास्त, मुलं लहान, अशा घराला काम चालू असतानाही तो मिळतो आणि पगार वाढत जाईल तसा कमी होत जातो. बचत १६,००० पौंडांच्या वर मात्र नको. चाइल्ड बेनिफिट हा मुलांसाठीचा भत्ता वेगळा. तो मिळतो म्हणून जेवण मोफत होत नाही.

जेवणासाठी एप्रिल २०१८ पासून नियम असा होता की युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या घराची हाती येणारी कमाई वर्षाला ७,४०० पौंडांपेक्षा जास्त नसावी. कर वगैरे कापून उरलेली कमाई, भत्ते न धरता. हा आकडा पुढे वर्षानुवर्षं तसाच राहिला आणि मजुरीचे दर वाढत गेले. २०२५ मध्ये किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड झाली. त्या दराने आठवड्याला फक्त बारा तास काम केलं तरी वर्षाचे ७,६१९ पौंड होतात. म्हणजे सकाळी दोन-अडीच तास ऑफिसं झाडायला जाणारी बाईसुद्धा त्या रेषेच्या वर. कष्ट करणाऱ्या घराला नेमकं कष्ट केल्याबद्दल मुलाच्या जेवणातून वगळायचं, हे मला कधीच पटलं नाही. हॉलमध्ये मी असे आईबाप पाहिले आहेत ज्यांनी चार तास जास्तीचे मिळत असूनही नाकारले, कारण त्या चार तासांच्या पैशांपेक्षा दोन मुलांच्या जेवणाचा खर्च जास्त होता.

हे बदलतं आहे. जून २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट मिळणाऱ्या प्रत्येक घरातल्या मुलाला शाळेचं जेवण मोफत, कमाईची ७,४०० ची अट न लावता. पाच लाखांवर मुलं यात नव्याने येतील असा सरकारचा अंदाज आहे. पूर्वी "तुमची कमाई जास्त आहे" म्हणून नकार आलेल्या प्रत्येकाने म्हणूनच पुन्हा अर्ज करायचा आहे. जुना नकार कपाटात ठेवून गप्प बसू नका.

७,४०० ची रेषा अजिबात गेली असं मात्र समजू नका. शाळेला गरजू मुलांमागे जो जास्तीचा निधी मिळतो तो या जुन्या रेषेवरच द्यायचा, असं सरकारने ठरवलं आहे. म्हणून ती कशी मोजतात हे माहीत असलेलं बरं. वर्षाचा हिशेब घेत नाहीत, मागच्या महिन्यांचा घेतात. शेवटच्या एका महिन्यात ६१६.६७, किंवा दोन महिन्यांत मिळून १,२३३.३४, किंवा तीन महिन्यांत मिळून १,८५० पौंडांपर्यंत. एजन्सीमार्फत गोदामात काम करणाऱ्यांचे तास कधी जास्त, कधी शून्य. तुमचा आकडा शोधायला युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यात जा, महिन्याचं स्टेटमेंट उघडा आणि "टेक-होम पे" अशी ओळ शोधा. बँकेत जमा झालेली एकूण रक्कम बघू नका, त्यात भत्ताही असतो.

पायरी ४ : व्हिसाचं दार

आता ज्या प्रश्नाला आवाज खाली जातो, तो. मुलासाठी शाळेचं मोफत जेवण घेतल्याने व्हिसाची अट मोडत नाही. इमिग्रेशनच्या नियमांत "पब्लिक फंड्स" म्हणजे काय याची यादी दिलेली आहे. त्यात युनिव्हर्सल क्रेडिट आहे, चाइल्ड बेनिफिट आहे, घराचे भत्ते आहेत. शाळेतलं मोफत जेवण त्यात नाही. सरकारी शाळेत मुलाचं नाव घालताना आपण घाबरत नाही ना, तसंच हे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. जेवणासाठी म्हणून कुणी तुम्हाला "आधी युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज टाका" म्हटलं आणि तुमच्या व्हिसावर ती अट असेल, तर टाकू नका. तो खरोखरच पब्लिक फंड आहे आणि त्याने व्हिसा अडचणीत येतो. तुमच्यासाठी वेगळी वाट आहे. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, ती तात्पुरती उघडली आणि २०२२ च्या ईस्टरनंतर कायमची झाली.

त्यावेळी ठरलेल्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या मर्यादा अशा. लंडनबाहेर एक मूल असेल तर २२,७०० पौंड, दोन किंवा जास्त मुलं असतील तर २६,३००. लंडनमध्ये एक मूल असेल तर ३१,२००, दोन किंवा जास्त असतील तर ३४,८००. बचत १६,००० पौंडांच्या आत हवी. अर्ज करण्याआधी कौन्सिलच्या पानावर चालू आकडा एकदा बघून घ्या.

उदाहरण घेऊ. घरात एकाचाच पगार, वर्षाला २५,०००. लंडनबाहेर एक मूल असेल तर या आकड्यांत बसत नाही. तेवढ्याच पगारावर दोन मुलं असतील तर बसतं. लंडनमध्ये एक असो वा दोन, बसतं. केअर होममध्ये काम करणारे आपले बरेच जण याच पगाराच्या आसपास आहेत. ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करांना कुटुंब आणता येत नाही, पण त्याआधी आलेल्यांची मुलं इथे शाळेत आहेतच, आणि ती बहुतांशी डबा नेतात. आयटीत स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्यांचा पगार सहसा या मर्यादांच्या वर असतो. तरीही पगार कमी झाला, जोडीदाराची नोकरी गेली, बाळंतपणाची रजा लागली, तर पुन्हा मोजा. दोघांची कमाई एकत्र धरायची हे विसरू नका.

पायरी ५ : कागद आणि अर्ज

युनिव्हर्सल क्रेडिटच्या दाराने जाणाऱ्यांचा अर्ज दहा मिनिटांत होतो. तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर, तुमची जन्मतारीख, मुलाचं नाव, जन्मतारीख आणि शाळा. कौन्सिलच्या वेबसाइटवर "फ्री स्कूल मील्स" शोधा. इंग्रजी वाचणं जड जात असेल तर शाळेच्या ऑफिसात सांगा, ते बसवून भरून घेतात. कौन्सिल तो नंबर सरकारी यंत्रणेत टाकून बघते आणि पुष्कळदा तिथल्या तिथे उत्तर येतं. पगाराची चिठ्ठी, बँकेचं पुस्तक काही मागत नाहीत. नाव मात्र भत्त्याच्या खात्यात आहे अगदी तसंच लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं. एका वहिनींचा अर्ज दोनदा परत आला तो आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरामुळे.

व्हिसाच्या दाराने जाणाऱ्यांना कागद दाखवावे लागतात, कारण त्यांची नोंद भत्त्याच्या यंत्रणेत नसते. काही कौन्सिलांचा वेगळा फॉर्म असतो, काही ठिकाणी शाळाच बघते. मी आमच्याकडच्या लोकांना एक पारदर्शक फोल्डर करायला सांगते आणि त्यात ठेवायला सांगते: दोघांच्या शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिपा, त्याच महिन्यांची सगळ्या खात्यांची बँक स्टेटमेंटं, घरभाड्याचा करार किंवा कौन्सिल टॅक्सचं बिल, मुलाचा जन्मदाखला, आणि ई-व्हिसाचा शेअर कोड (तुमचा व्हिसा ऑनलाइन तपासायला दुसऱ्याला द्यायचा कोड). शेअर कोड ऑफिसात जायच्या दिवशीच काढा, त्याला मुदत असते. बँक स्टेटमेंटमध्ये भारतात आईवडिलांना पाठवलेले पैसे दिसतील. ते लपवायचं काही कारण नाही. भारतातल्या बँकेत ठेव असेल तर तीही बचतच आहे, विचारलं तर खरं सांगा. उत्पन्नाच्या रकान्यात कर कापण्याआधीचं मागितलंय की नंतरचं, ते वाचून तोच आकडा लिहा.

ऑफिसातला माणूस किंवा बाई "व्हिसावर नाही मिळत" म्हणाली तर वाद घालू नका, पण परतही येऊ नका. शांतपणे म्हणा की नो रिकोर्स असलेल्या कुटुंबांसाठी शिक्षण खात्याचं वेगळं मार्गदर्शन आहे, ते कृपया बघता का. खिडकीशी बसलेल्या कारकुनाला ते माहीत नसणं शक्य आहे. मला सांगणाऱ्यालाही नव्हतं, आणि मी हे वाक्य बोलले असते तर दोन वर्षं वाचली असती.

घर एका कौन्सिलच्या हद्दीत आणि शाळा दुसऱ्या, असं असेल तर अर्ज कुठे करायचा ते शाळेत विचारा. घर किंवा शाळा बदलली की नव्याने अर्ज करावा लागतो. नोंद आपोआप मागे येत नाही. आणि मंजुरी आधीच्या तारखेपासून सहसा मिळत नाही, म्हणून जूनमध्ये ठरवून ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरू नका.

लहान वर्गात असाल तरी भरा

रिसेप्शन ते इयर २ मधल्या, किंवा लंडनच्या प्रायमरीतल्या आईबापांना वाटतं की जेवण मिळतंच आहे, फॉर्म कशाला? यासाठी: परिस्थितीवर आधारित मोफत जेवणाच्या नोंदीवरून शाळेला "प्यूपिल प्रीमियम" नावाचा निधी मिळतो. २०२५-२६ साठी प्रायमरीतल्या एका मुलामागे १,५१५ पौंड, सेकंडरीत १,०७५. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, शाळेकडे जातात. पण त्यातूनच इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला जास्तीची शिकवणी, सहलीच्या पैशात सूट, कुठे संगीताचा वर्ग असं काही निघतं. तुमच्या शाळेत त्यातून काय देतात ते विचारा. शाळेच्या वेबसाइटवर प्यूपिल प्रीमियमचा खर्च लिहिलेला असतो.

नोंद असलेल्या मुलांसाठी ईस्टर, उन्हाळा आणि नाताळच्या सुट्टीत कौन्सिलतर्फे खेळ आणि जेवणाची मोफत शिबिरंही असतात, त्यांना "हॅफ" (हॉलिडे ॲक्टिव्हिटीज अँड फूड) म्हणतात. सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीत दोघंही कामावर असणाऱ्या घराला याचा मोठा आधार होतो. शाळेकडून नोंदणीचा कोड येतो. जागा लवकर भरतात.

शरमेबद्दल एकच सांगते. गणपतीत मंडळाच्या हॉलवर भाड्याचं घर, ड्रायव्हिंग लायसन्स, भारतात जायचं स्वस्त तिकीट, सगळ्यावर लोक मोकळेपणाने बोलतात. जेवणाचा अर्ज भरला हे कुणी बोलत नाही. म्हणून प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. रांगेत वाढताना कुणाचं मोफत आहे आणि कुणाचे पैसे भरलेत हे मला दिसत नाही, मुलांनाही दिसत नाही. टॅबवर फक्त नाव आणि त्याने निवडलेलं जेवण असतं.

पायरी ६ : हो म्हणून आल्यावर

मंजुरी आली की ऑफिसला दोन गोष्टी लेखी कळवा: मूल काय खात नाही, आणि कशाची ॲलर्जी आहे. "व्हेजिटेरियन" लिहिलं की इथे अंडं, चीज चालतं असं धरतात. अंडं नको असेल तर ते वेगळं लिहा. नुसतं गोमांस नको असेल तर "नो बीफ" लिहा, नाहीतर लसान्यात किंवा बर्गरमध्ये ते येऊ शकतं. जेलीत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून होतं. ग्रेव्ही शाकाहारी आहे का, विचारा. स्वयंपाकघराकडे १४ प्रकारच्या ॲलर्जींचा तक्ता असायलाच हवा, तो दाखवा म्हटलं तर आम्हाला राग येत नाही.

मेन्यू दोन-तीन आठवड्यांच्या चक्राने फिरतो. बुधवारच्या आसपास रोस्ट, शुक्रवारी मासे आणि चिप्स, आणि रोजच्या रोज भाजलेला बटाटा, त्यावर बीन्स किंवा चीज. आपल्या मुलांना सुरुवातीला बटाटा-बीन्सच गोड लागतात, मग हळूहळू पास्ता. घरी मेन्यूचा कागद फ्रिजवर लावा आणि आदल्या रात्री दोघांनी मिळून उद्याचं ठरवा. सहलीच्या दिवशी शाळेकडून बांधून डबा मागता येतो, तो आधी कळवावा लागतो.

सेकंडरीत पद्धत निराळी. तिथे दिवसाची ठरावीक रक्कम मुलाच्या खात्यात पडते आणि मूल बोटाचा ठसा किंवा कार्ड लावून घेतं. बऱ्याच शाळांत न वापरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी राहत नाही. मधल्या सुट्टीत पाव-केकवर ती संपवून दुपारी उपाशी राहणारी मुलं असतात, म्हणून पहिल्या महिन्यात खात्यावर नजर ठेवा.

पायरी ७ : नाही म्हणून आलं तर

नकार कशासाठी ते लेखी मागा. नाव-नंबर जुळला नाही, की उत्पन्न जास्त निघालं? पहिलं असेल तर दुरुस्त करून लगेच पुन्हा द्या. दुसरं असेल तर तास कमी झाल्यावर, मूल झाल्यावर, नोकरी बदलल्यावर पुन्हा द्या. कितीही वेळा अर्ज करता येतो. तोवर जेवणाची बाकी चढली असेल तर ऑफिसात जाऊन हप्ते मागा, ॲपचे मेसेज न उघडता ठेवू नका. शाळेत सकाळी मोफत ब्रेकफास्ट क्लब आहे का तेही विचारा. एप्रिल २०२५ मध्ये ७५० शाळांपासून सरकारने ते सुरू केले आहेत आणि त्यात पगार विचारत नाहीत.

आणि जेवण सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी एक सराव करा. आमच्याकडे मुलीने एक मोठं ताट घेतलं होतं, त्यावर पाण्याचा पेला, वाटी, काटा-चमचा. स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत दोन्ही हातांनी न सांडता चालायचं. मग माझ्यासमोर उभं राहून मोठ्याने म्हणायचं, "व्हेजिटेरियन, प्लीज. नो ग्रेव्ही, थँक यू." हॉलमध्ये दोनशे मुलांचा गलका असतो. पुटपुटलेलं मला काउंटरमागे ऐकू येत नाही.